डॉ. आनंदीबाई जोशी व त्यांचे दहा दिवसांचे बाळ

फैजपूर, सावदा, यावल या आपल्या बाजूस एखाद्या घरी बाळ अपुऱ्या दिवसांचे जन्मास आले किंवा जन्मतःच फार अशक्त निघाले, तर हल्ली घरची माणसे त्यास जळगावास नेतात. तेथे त्यास काचेच्या पेटीत ठेवतात. कावीळ असल्यास निळ्या दिव्याखाली निजवतात, श्वास नीट लागत नसल्यास नळीने प्राणवायू देतात. बाळास दूध ओढण्याचे बळ नसेल, तर आईचेच दूध काढून बारीक नळीने थेंबाथेंबाने पोटात सोडतात. बाहेर व्हरांड्यात आजी माळ ओढीत बसलेली असते आणि बाप औषधांच्या चिठ्ठ्या घेऊन धावत असतो. आठ-पंधरा दिवसांनी पुष्कळदा ते बाळ घरी येते आणि मग थाटाने बारसे होते. आमच्या शाळेच्या वर्गांतही असे पेटीतून आलेले काही विद्यार्थी बसत असतील. त्यांच्या आयांस विचारल्यास त्या सांगतील.

हे सर्व आज इतके अंगवळणी पडले आहे की, याच महाराष्ट्रात एके काळी अशा बाळासाठी कोणाकडे जावे हेच कोणास ठाऊक नव्हते, याची आठवणसुद्धा उरलेली नाही. ज्या स्त्रीचे चरित्र पुढे दिले आहे, तिचे स्वतःचे बाळ दहा दिवसांचे होऊन गेले. ती त्या वेळी अवघी चौदा वर्षांची होती.

आनंदीबाईंचे माहेरचे नाव यमुना. कल्याणच्या जोशी घराण्यात ३१ मार्च १८६५ रोजी तिचा जन्म झाला. वडील गणपतराव यांचे घराणे जुने व एके काळी संपन्न होते, परंतु तो काळ उताराचा होता. मुलगी नऊ वर्षांची होते न होते तोच, १८७४ साली, तिचे लग्न गोपाळ विनायक जोशी या बिजवराशी झाले. गोपाळराव टपाल खात्यात नोकरीस होते आणि वयाने तिच्याहून जवळजवळ वीस वर्षांनी मोठे होते. लग्नानंतर यमुनेची आनंदी झाली.

गोपाळराव हे एक विलक्षण गृहस्थ होते. त्या काळी बायकोने पाटी हाती धरल्यास घरातील वडीलधारी माणसे रागावत. येथे पाटी खाली ठेवली म्हणून नवराच रागावे. पत्नीस शिकवावयाचेच, असा त्यांनी ध्यास घेतला होता. घरातील मंडळींची लुडबूड नको म्हणून ते कल्याण सोडून अलिबाग, कोल्हापूर, मुंबई अशा दूरदूरच्या ठिकाणी बदल्या घेत राहिले. त्यांचे हे ऋण मान्य केलेच पाहिजे. परंतु त्यांचा स्वभाव हेकट व तापट होता, आणि कोवळ्या वयात त्यांनी आपणास मारहाण केली, हे आनंदीबाईंनी पुढे अमेरिकेतून त्यांसच लिहिलेल्या पत्रात स्पष्ट नमूद केले आहे. पुष्कळ चरित्रकार हा भाग वगळतात. आमच्या मते तो वगळू नये. ज्या हाताने अक्षर गिरवावयास लावले तोच हात उगारलाही गेला, हे सांगितल्यावाचून या मुलीने किती सोसले हे कळावयाचे नाही.

चौदाव्या वर्षी आनंदीबाई प्रसूत झाल्या. मुलगा झाला. त्या काळच्या रीतीप्रमाणे बाळंतिणीची खोली म्हणजे घरातील सर्वांत अंधारी खोली असे. वारा लागू नये म्हणून झरोके बुजवावयाचे, कोपऱ्यात शेगडी पेटवावयाची, बाजल्याखाली धुरी द्यावयाची आणि सर्व भार सुईणीवर टाकावयाचा. सुईण अनुभवी असे, प्रेमळही असे. पण हात धुऊनच नाळेस लावावा, नाळ कापण्याचे हत्यार उकळून घ्यावे, हे तिला कोणी सांगितलेले नव्हते. नाळेवर राख किंवा शेण लावण्याचीही चाल पुष्कळ ठिकाणी होती, आणि त्यातूनच धनुर्वात शिरे. पहिल्या आठवड्यात नीट दूध पिणारे बाळ एकाएकी तोंड उघडीनासे झाले म्हणजे लोक दृष्ट काढीत किंवा सटवाईस बोल लावीत. नवजात बाळाचा धनुर्वात भारतातून नाहीसा झाल्याची घोषणा २०१५ साली झाली, यावरून तो किती काळ आपल्या उंबरठ्यावर बसून होता हे दिसेल.

आनंदीबाईंच्या बाळास नेमके काय झाले होते हे सांगण्यासारखी वैद्यकीय नोंद नाही, म्हणून त्याविषयी तर्क करीत बसणे योग्य नव्हे. इतके खरे की, त्यास वेळेवर योग्य उपचार मिळाला नाही व ते दहा दिवसांत गेले. बारशाचा बारावा दिवससुद्धा उजाडला नाही. आई स्वतःच मूल असली म्हणजे बाळ अपुऱ्या दिवसांचे, कमी वजनाचे होण्याचे भय अधिक असते, हे आज डॉक्टर सांगतात. मुलीच्या लग्नाचे वय कायद्याने चौदा ठरावयास १९२९ साल उजाडावे लागले आणि अठरा ठरावयास १९७८.

अशा बाळास तेव्हा जगात कोठे उपचार होता काय, असा प्रश्न विद्यार्थी विचारतील. होता, परंतु तो नुकताच जन्म घेत होता, आणि तोही येथून फार दूर. पॅरिस शहरी स्तेफान तार्निए नावाचे एक प्रसूतितज्ज्ञ होते. १८७८ साली तेथील प्राणिसंग्रहालयात कोंबडीची अंडी उबविण्याचे यंत्र त्यांच्या पाहण्यात आले. अपुऱ्या दिवसांच्या बाळास मारणारा पहिला शत्रू म्हणजे थंडी, हे त्यांस ठाऊक होते. बाळाचे अंग लहान, अंगावर चरबी नाही, त्वचा पातळ. त्यामुळे आईच्या पोटातील ऊब सुटताच ते निवत जाते आणि निवता निवता दूध ओढण्याचे व श्वास घेण्याचेही त्याचे बळ सरते. अंड्यास जी ऊब देता येते ती बाळास का देऊ नये, असे तार्निए यांच्या मनाने घेतले. त्यांनी लाकडी पेटी करवून घेतली. तिच्या तळाशी गरम पाणी व वर बाळ, आणि दोहोंमधून खेळणारी कोमट हवा, अशी ती रचना होती. १८८०–८१ च्या सुमारास पॅरिसच्या प्रसूतिगृहात ती वापरात आली. दोन हजार ग्रॅमहून कमी वजनाच्या बाळांपैकी पूर्वी शंभरांत सहासष्ट दगावत. पेटी आल्यावर ते प्रमाण अडतिसावर आले. आनंदीबाईंचे बाळ गेले त्याच्या मागेपुढेच ही गोष्ट घडली.

आपल्या जुन्या वैद्यकग्रंथांतही नवजात बाळाचा विचार आहे. जन्मल्यावर न रडणाऱ्या बाळाच्या कानाजवळ दगडावर दगड आपटावा, तोंडावर पाणी शिंपडावे, वारा घालावा, असे चरकसंहितेत सांगितले आहे. बाळास जागे करून श्वास घ्यावयास लावण्याची ती खटपट आहे, आणि तिच्यामागील निरीक्षण सूक्ष्म आहे. परंतु पहिले काही दिवस मध-तूप चाटवावे आणि आईचे दूध त्यानंतर द्यावे, ही सुश्रुताची सूचना आज कोणी पाळू नये. आईचे पहिले पिवळसर चिकाचे दूध हेच बाळाचे रोगापासूनचे पहिले कवच होय, हे आता निर्विवाद ठरले आहे. आजही खेड्यापाड्यांतून ते पिळून टाकून देणाऱ्या काही आज्या आढळतात. त्यांस आदरपूर्वक पण निक्षून सांगावयास हवे.

बाळाच्या मृत्यूने आनंदीबाईंच्या मनाची दिशा ठरली. पत्नीस शिकवावे ही इच्छा गोपाळरावांची. परंतु वैद्यक शिकावे हा निश्चय आनंदीबाईंचा होय. परपुरुषास नाडीसुद्धा दाखवावयास संकोचणाऱ्या आणि त्यापायी जिवास मुकणाऱ्या स्त्रिया त्यांनी आपल्या भोवती पाहिल्या होत्या. स्त्रीस स्त्री डॉक्टर मिळाल्याखेरीज हे टळणार नाही, असे त्यांचे मत झाले.

कोल्हापुरास असताना गोपाळरावांनी पत्नीच्या शिक्षणासाठी अमेरिकन मिशनऱ्यांशी पत्रव्यवहार केला होता. तो प्रिन्स्टन येथून निघणाऱ्या वाइल्डर साहेबांच्या मासिकात छापून आला. उत्तरात धर्मांतराचा आग्रह होता आणि तो जोशी दांपत्यास मान्य होण्यासारखा नव्हता. प्रकरण तेथेच संपावयाचे. परंतु न्यू जर्सी प्रांतातील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाई दंतवैद्याच्या दारी आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या असता ते मासिक त्यांच्या हाती पडले. कोठल्या परक्या देशातील कोण मुलगी! पण त्यांच्याने राहवले नाही. त्यांनी पत्र पाठविले. पुढे या दोघींचे इतके जमले की आनंदीबाई त्यांस मावशी म्हणू लागल्या. त्या नात्यात धर्मांतराची अट कधी आली नाही, हे कार्पेंटरबाईंचे मोठेपण.

१८८१ साली गोपाळरावांची बदली कलकत्त्यास झाली. त्या काळी मुंबईकडून कलकत्त्यास जाणारा लोहमार्ग भुसावळ, जबलपूर, अलाहाबाद असा होता. तेव्हा ही सोळा वर्षांची मुलगी आपल्या फैजपुराहून हाकेच्या अंतरावरील भुसावळ स्टेशनावरून केव्हा ना केव्हा गेली असेल, अशी कल्पना करण्यास हरकत नाही. नंतर दोघे श्रीरामपूर येथे राहिले. बंगालातही त्यांचा छळ चुकला नाही. नवऱ्याबरोबर उघड रस्त्याने चालणारी ब्राह्मण स्त्री पाहून लोक थांबत, हसत, नाही नाही ते बोलत.

अमेरिकेस जाण्याचा बेत ठरला तेव्हा तर चहूकडून टीकेचा वर्षाव झाला. त्यास आनंदीबाईंनी जे उत्तर दिले ते त्यांच्या आयुष्यातील एक मोठा प्रसंग होय. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर कॉलेजच्या सभागृहात त्या इंग्रजीत बोलावयास उभ्या राहिल्या. वय अठराहून कमी. आपण का जातो, येथेच का शिकत नाही, एकट्या का जातो, परतल्यावर जातीने वाळीत टाकले तर काय करणार, असे एकेक आक्षेप घेऊन त्यांनी त्यांचा निकाल लावला. भारतात हिंदू स्त्री डॉक्टरांची निकड आहे, आणि आपण हिंदू म्हणून जातो व हिंदू म्हणूनच परत येऊ, असे त्यांनी सांगितले. श्रोत्यांत मिशनरी मंडळीही होती. ज्यांची मदत उद्या लागणार त्यांच्या तोंडावर असे बोलण्यास धैर्य लागते.

७ एप्रिल १८८३ रोजी पतीवाचून त्या कलकत्त्याहून जहाजात बसल्या व ४ जून रोजी न्यूयॉर्कला उतरल्या. कार्पेंटरबाई धक्क्यावर हजर होत्या. त्याच वर्षी फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात आनंदीबाईंस प्रवेश मिळाला. तेथील अधिष्ठात्री रेचल बॉडली यांनी तीन वर्षांसाठी सहाशे डॉलरच्या विद्यावेतनाची सोय केली.

त्या तीन वर्षांचे वर्णन वाचताना वाईट वाटते. फिलाडेल्फियाची थंडी, बर्फ, खोलीत नीट न पेटणारी शेगडी व तिचा धूर. शाकाहाराचे व्रत असल्यामुळे जेवणाची आबाळ. नऊवारी नेसल्याने पोटऱ्या उघड्या राहत, म्हणून त्यांनी साडी गुजराती पद्धतीने नेसावयास प्रारंभ केला. परंतु साडी सोडून परकी वस्त्रे काही घातली नाहीत. प्रकृती हळूहळू खालावत गेली. क्षयाने त्यांस केव्हा गाठले ते सांगता येत नाही, पण तो याच काळात आत शिरला असावा. व्रत पाळावे की जीव राखावा, या प्रश्नाचे उत्तर त्यांनी ज्या प्रकारे दिले ते आम्हांस पूर्णपणे पटत नाही. तथापि ज्या मायदेशास त्यांनी वचन दिले होते तो देश त्यांच्या ताटाकडे व पदराकडे डोळे लावून बसला होता, हेही विसरता येत नाही. एवढीशी सवलत घेतली असती तरी टीकाकारांस तेवढे पुरले असते.

१० ऑक्टोबर १८८५ रोजी त्या महाविद्यालयात घेतलेले एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात तीन तरुणी आपापल्या देशाच्या पोशाखात शेजारी शेजारी बसल्या आहेत. एक आनंदीबाई, दुसऱ्या जपानच्या केई ओकामी, तिसऱ्या सीरियाच्या सबात इस्लामबुली. विद्यार्थिनींनी हे छायाचित्र मिळवून अवश्य पाहावे.

११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाई एम. डी. झाल्या. पाश्चात्त्य वैद्यकातील ही पदवी अमेरिकेत मिळविणाऱ्या त्या पहिल्या हिंदू स्त्री. प्रबंधासाठी त्यांनी कोणता विषय घ्यावा? आर्य हिंदूंचे प्रसूतिशास्त्र. सर्व वैद्यक पुढे खुले असता त्यांनी बाळंतिणीच्या खोलीचाच विषय निवडला. समारंभास पंडिता रमाबाई इंग्लंडहून मुद्दाम आल्या होत्या, गोपाळरावही तोवर अमेरिकेस पोचले होते. महाराणी व्हिक्टोरियापर्यंत हे वृत्त गेले व तिकडून अभिनंदनाचा संदेश आला.

कोल्हापूर संस्थानाने त्यांस आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रियांच्या विभागावर नेमले. हेच रुग्णालय पुढे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय म्हणून नावारूपास आले. नेमणूक हाती, विद्या हाती, वय एकवीस. परंतु शरीर संपत आले होते. ऑक्टोबर १८८६ मध्ये त्या अमेरिकेहून निघाल्या आणि १६ नोव्हेंबर रोजी मुंबईस पोचल्या. ज्या समाजाने निंदा केली होती त्याच समाजातील पुष्कळ लोक आता स्वागतास आले. याच वर्षी मुंबईत स्त्रिया व मुले यांच्यासाठी कामा रुग्णालय उघडले होते आणि डॉ. एडिथ पेची या बाई त्याच्या प्रमुख होत्या. म्हणजे वाट खुली होत होती. फक्त चालणारीचे पाय थकले होते. औषधोपचार झाले, गुण आला नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुणे येथे आनंदीबाईंचे देहावसान झाले. बावीस वर्षे पूर्ण होण्यास महिनाभर अवकाश होता. कोल्हापुरच्या त्या विभागात त्यांस एक दिवसही काम करता आले नाही.

त्यांच्या हातून एकही बाळ वाचले नाही, तर त्यांची एवढी थोरवी का गावी, असे एखादा चिकित्सक विद्यार्थी विचारील. प्रश्न रास्त आहे आणि त्यास भावनेने उत्तर देऊ नये. घडले ते असे. त्यांच्या मागून डॉ. रखमाबाई इंग्लंडात वैद्यक शिकून १८९४ साली पदवीधर झाल्या आणि सुरत व राजकोट येथे त्यांनी स्त्रियांची व बाळांची सेवा दीर्घकाळ केली. मुंबईस परळ येथे १९२६ साली नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह व १९२९ साली बाई जेरबाई वाडिया मुलांचे रुग्णालय निघाले. समुद्रापार जाऊन डॉक्टर झालेली मराठी मुलगी ही गोष्ट एकदा घडून गेल्यावर ती पुन्हा अशक्य म्हणता येईना. आनंदीबाईंचे फळ ते हेच. त्याहून अधिक दावा करणे सत्यास धरून होणार नाही.

आणखी एक हकीकत सांगण्यासारखी आहे, कारण ती आपल्या महाराष्ट्रातील असून आनंदीबाईंच्या मूळ दुःखास अगदी जाऊन भिडते. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ध्यानी आले की, खेड्यातील बाळे रुग्णालयापर्यंत पोचतच नाहीत. तेव्हा उपचारानेच बाळापर्यंत गेले पाहिजे. १९९५ पासून त्यांनी एकोणचाळीस गावांत प्रयोग केला. गावातीलच थोड्या शिकलेल्या स्त्रियांस त्यांनी शिकविले. बाळाचे वजन करावे, त्यास उबेत गुंडाळावे, श्वास न घेणाऱ्या बाळास नळी व मुखवट्याने हवा द्यावी, जंतुदोषाची लक्षणे ओळखून औषधाची सुई द्यावी, अशी ती कामे होती. तिसऱ्या वर्षी तेथील नवजात बाळांचे मृत्यू, अशी सोय नसलेल्या गावांच्या तुलनेने, शेकडा बासष्टांनी घटले. १९९९ साली हे निष्कर्ष लॅन्सेट या विलायती वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि २०११ पासून ही पद्धत देशभरातील आशा कार्यकर्त्यांकडे आली. आपल्या गल्लीत बाळंतीण घरी आली म्हणजे आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या व बेचाळिसाव्या दिवशी काटा व उष्णतामापक घेऊन येतात, त्या याच योजनेनुसार. आनंदीबाईंच्या घरी त्या दहा दिवसांत अशी बाई दोनदा येऊन गेली असती.

मोठ्या रुग्णालयांतील यंत्रांनाही सगळी बाळे सुपूर्द करावी लागत नाहीत. १९७८ साली कोलंबिया देशातील बोगोटा येथे पेट्या कमी पडू लागल्या, तेव्हा डॉक्टर एडगर रे यांनी अपुऱ्या दिवसांची बाळे आईच्या उघड्या छातीशी उभी बांधावयास सांगितले. कांगारू जसे पिल्लू पोटाशी वागवते तसे. बाळास ऊब मिळे, दूध जवळ असे आणि आईचा श्वास ऐकून त्याचाही श्वास ठिकाणावर राही. ही रीत आज आपल्याकडील रुग्णालयांतही शिकवितात, आणि आई थकली तर बापानेही बाळास असेच छातीशी धरावे, असे सांगतात. आमच्या भागातील किती बाप हे करावयास धजतात, ते पाहावयाचे आहे.

आनंदीबाईंच्या अस्थी गोपाळरावांनी कार्पेंटरबाईंकडे अमेरिकेस पाठविल्या. त्या बाईंनी न्यूयॉर्क प्रांतातील पोकिप्सी येथे, आपल्या कुटुंबाच्या स्मशानभूमीत, घरच्या माणसांच्या शेजारी त्यांस जागा दिली. तेथे त्यांच्या नावाचा दगड आहे. बाळाचे नाव मात्र कोठेच नाही. ते ठेवले जावयाचे होते.